तारीख जागची हलत नाही? शेड्यूलमधल्या लिंक आणि कन्स्ट्रेंट कसे तपासावेत

आधीचं काम दोन दिवस लांबलं, तरी पुढचं काम जागचं हललं नाही. किंवा उलटच झालं: एका कामाला एक दिवस वाढवला आणि प्रकल्पाची शेवटची तारीख थेट पंधरवड्याने पुढे पळाली. शेड्यूलिंग सॉफ्टवेअर नव्याने हातात घेतलेला माणूस अशा वेळी हमखास एकच उपाय करतो. स्टार्टच्या रकान्यात हवी ती तारीख हाताने टाइप करतो. तारीख दिसायला बरोबर दिसते आणि शेड्यूल तिथूनच बिघडायला लागतं.

या सॉफ्टवेअरमध्ये तारीख भरायची नसते, ती हिशोबातून निघते. आपण सांगायचं ते एवढंच: काम किती दिवसांचं, ते कोणत्या कामानंतरचं (या जोडणीलाच लिंक म्हणतात), कामाचे दिवस कोणते आणि करणारं कोण. त्यामुळे तारीख चुकीची दिसली की ती दुरुस्त करायला धावू नका. आधी शोधा की ही तारीख कोणी धरून ठेवली आहे. धरून ठेवणारा सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन क्लिकची असते.

खालच्या पायऱ्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी आहेत. प्रायमाव्हेरा पी६ या दुसऱ्या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमध्ये काय वेगळं असतं ते शेवटाकडे सांगितलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच छोटं उदाहरण घेऊ. सुरुवात सोमवार, १ जून २०२६. काम सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास.

१. खोदकाम, ३ दिवस: १ ते ३ जून
२. सळया बांधणे, ४ दिवस, खोदकामानंतर: ४ ते ९ जून
३. काँक्रीट ओतणे, १ दिवस, सळयांनंतर: १० जून
४. शटरिंग काढणे, २ दिवस, काँक्रीटनंतर सात दिवस क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) झाल्यावर: १८ आणि १९ जून
५. भिंतीचं बांधकाम, १० दिवस, शटरिंगनंतर: २२ जून ते ३ जुलै

शोध सुरू करण्याआधी

फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने जतन करा. तपासताना आपण कामं मुद्दाम ढकलून पाहणार आहोत. ते मूळ फाइलमध्ये करू नये.

मग गँट चार्टच्या, म्हणजे कामांच्या पट्ट्यांच्या आलेखाच्या, डाव्या तक्त्यात हे रकाने आणा: टास्क मोड, प्रेडिसेसर्स (आधीची कामं), सक्सेसर्स (नंतरची कामं), कन्स्ट्रेंट टाइप (तारखेवरच्या बंधनाचा प्रकार), कन्स्ट्रेंट डेट, अ‍ॅक्च्युअल स्टार्ट (प्रत्यक्ष सुरुवात), टोटल स्लॅक (प्रकल्पाची शेवटची तारीख न हलवता काम किती लांबू शकतं ती सवड), लेव्हलिंग डिले आणि टास्क कॅलेंडर. रकान्याच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘इन्सर्ट कॉलम’ घेतलं की यादी येते. हा तक्ता वेगळ्या नावाने जतन करून ठेवा, दर वेळी लागतो. नेहमीच्या एन्ट्री टेबलमध्ये यातले अर्धेअधिक रकाने दिसतच नाहीत, म्हणून माणूस आंधळेपणाने चाचपडत राहतो.

तिसरी तयारी लहान आहे, पण सर्वांत उपयोगी. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ इथे जाऊन तारखेबरोबर वेळही दिसेल असा डेट फॉरमॅट निवडा. प्रोजेक्ट आतून सगळा हिशोब मिनिटांत करतो आणि आपल्याला फक्त दिवस दाखवतो. ‘एकच दिवसाचं काम दोन तारखांवर का पसरलं’ या प्रश्नाचं उत्तर वेळ दिसल्याशिवाय मिळत नाही.

शेवटी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘शेड्यूल’ पानावर अगदी खाली पाहा. प्रत्येक बदलानंतर गणना करण्याचा पर्याय ‘ऑन’ असावा. कोणी तो बंद करून ठेवला असेल, तर तुम्ही लिंक जोडत राहाल आणि तारखा जुन्याच दिसतील. तेव्हा एफ९ दाबून पाहा. तारखा हलल्या तर दोष शेड्यूलचा नव्हताच.

पहिला संशय: काम मॅन्युअल तर नाही?

२०१० च्या आवृत्तीपासून प्रोजेक्टमध्ये कामं दोन प्रकारची असतात, ऑटो आणि मॅन्युअल. नवीन फाइलमध्ये लिहिलेलं प्रत्येक काम मुळातच मॅन्युअल असतं. टास्क मोडच्या रकान्यात टाचणीचं चिन्ह दिसलं की समजा, ही तारीख माणसाने ठोकून बसवली आहे. सॉफ्टवेअर तिला हात लावणार नाही.

नवखा माणूस इथे फसतो त्याचं कारण मजेशीर आहे. मॅन्युअल कामाला लिंक जोडली की ते त्या क्षणी एकदा सरकतं. ‘लिंक चालते’ असं वाटतं. पण पुढे प्रेडिसेसर लांबला, तर ते पुन्हा सरकत नाही. तारखेखाली फक्त लाल नागमोडी रेघ येते. आपल्या उदाहरणात सळया बांधणे मॅन्युअल असेल आणि खोदकाम ५ जूनपर्यंत लांबलं, तरी सळया ४ जूनलाच सुरू होताना दिसतील, म्हणजे खड्डा पुरा व्हायच्या आधी.

उपाय: सगळी कामं निवडा आणि ‘टास्क’ टॅबवरचं ‘ऑटो शेड्यूल’ दाबा. खाली स्टेटस बारवर नवीन कामांसाठीही ऑटो मोड निवडून ठेवा. एखादं काम मुद्दाम मॅन्युअल ठेवायचं असेल आणि फक्त आता एकदाच लिंकप्रमाणे आणायचं असेल, तर ‘रिस्पेक्ट लिंक्स’ हे बटण आहे.

काम सुरू झालेलं दाखवलंय का?

अ‍ॅक्च्युअल स्टार्टच्या रकान्यात तारीख असेल, तर तिथे लिंकचं काही चालत नाही. झालेली गोष्ट कोणी मागेपुढे करू शकत नाही, हा सॉफ्टवेअरचा साधा न्याय आहे. अडचण अशी की ही तारीख न लिहिताही भरली जाते. कामाला नुसते एक टक्का पूर्ण असं दिलंत, तरी त्या वेळची नियोजित सुरुवात प्रत्यक्ष सुरुवात म्हणून नोंदली जाते. कोणी चुकून टक्के भरले असतील, तर ते शून्य करा. रकान्यात ‘एनए’ परत आलं की काम मोकळं झालं.

कन्स्ट्रेंट: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

स्टार्टच्या रकान्यात तारीख टाइप केली की प्रोजेक्ट त्या कामावर गुपचूप ‘स्टार्ट नो अर्लिअर दॅन’ लावतो, म्हणजे ‘या तारखेच्या आधी सुरू करू नको’. फिनिशच्या रकान्यात टाइप केलं तर ‘फिनिश नो अर्लिअर दॅन’ लागतो. गँट चार्टवरची पट्टी माउसने ओढली तरी तेच. प्रकल्प शेवटच्या तारखेपासून मागे मोजला जात असेल, तर हेच उलटं होतं आणि ‘नो लेटर दॅन’वाले कन्स्ट्रेंट लागतात.

याचा परिणाम जवळून पाहू. कोणीतरी सळया बांधण्याच्या स्टार्टमध्ये ४ जून टाइप केलं. त्या वेळी हिशोबाची तारीखही ४ जूनच होती, म्हणून पडद्यावर काहीच बदललं नाही. पुढे खोदकाम लांबून ५ जूनला संपलं, तर सळया ८ जूनला सरकतात. सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस खोदकाम दोनच दिवसांत, २ जूनला उरकलं. सळया ३ जूनला यायला हव्यात. त्या ४ जूनलाच बसून राहतात. हा कन्स्ट्रेंट एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखा आहे. काम पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. म्हणून तो महिनोन्महिने लपून राहतो आणि नेमका वाचलेला दिवस गिळतो.

प्रोजेक्टमध्ये एकूण आठ कन्स्ट्रेंट आहेत. पाठ करायची गरज नाही, चार गट लक्षात ठेवा.

‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ म्हणजे बंधन नाही. सुरुवातीपासून मोजलेल्या प्रकल्पात बहुतेक सगळी कामं यावरच असायला हवीत. त्याचा जोडीदार ‘अ‍ॅज लेट अ‍ॅज पॉसिबल’ मात्र अशा प्रकल्पात जपून वापरा. तो कामाचा सगळा टोटल स्लॅक खाऊन त्याला शेवटाकडे ढकलतो आणि त्याच्यानंतरची कामंही पुढे ढकलत नेतो.

‘नो अर्लिअर दॅन’चे दोन, सुरुवातीचा आणि शेवटचा. ते खऱ्या कारणासाठी असतील तर रास्त आहेत: माल १५ तारखेआधी येणारच नाही, परवानगी २० तारखेपासूनच लागू होते.

‘नो लेटर दॅन’चे दोन. हे मुदतीसाठी वापरायचा मोह होतो. आवरा.

‘मस्ट स्टार्ट ऑन’ आणि ‘मस्ट फिनिश ऑन’. हे काम खिळ्याने ठोकतात.

ठोकलेलं काम आणि लिंक यांची टक्कर झाली तर कोण जिंकतं? हे एका टिकमार्कवर ठरतं. ‘ऑप्शन्स’च्या ‘शेड्यूल’ पानावर ‘टास्क्स विल ऑलवेज ऑनर देअर कन्स्ट्रेंट डेट्स’ असा पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. आता समजा काँक्रीट ओतण्यावर १० जूनचा ‘मस्ट स्टार्ट ऑन’ लावला आणि सळयांचं काम दोन दिवस लांबून ११ जूनला संपलं. पर्याय चालू असेल, तर काँक्रीट १० जूनलाच राहतं. म्हणजे सळया अर्धवट असताना काँक्रीट ओतलं जातंय असं शेड्यूल दाखवतं, आणि सळयांच्या व खोदकामाच्या टोटल स्लॅकमध्ये उणे दोन दिवस येतात. टीक काढली, तर काँक्रीट १२ जूनला सरकतं. दोन्हींतलं काहीही निवडा, पण संपूर्ण टीमने एकच निवडा. नाहीतर तीच फाइल दोघांना दोन गोष्टी सांगेल.

उणे स्लॅक दिसला की तो पुसून टाकू नका, तो सगळ्यात प्रामाणिक पुरावा आहे. टोटल स्लॅकच्या रकान्यावर चढत्या क्रमाने लावा, सगळ्यात जास्त उणे असलेली कामं वर येतील. त्यांची साखळी लिंकच्या दिशेने पुढे पुढे धरत जा. कारण साखळीच्या शेपटाशी असतं: ज्या कामावर कडक कन्स्ट्रेंट किंवा डेडलाइन आहे तिथे. नवखे लोक साखळीच्या पहिल्या कामाशी झटत बसतात, कारण तिथे आकडा आधी दिसतो.

मुदतीसाठी योग्य जागा वेगळी आहे. काम निवडून शिफ्ट आणि एफ२ दाबा, ‘टास्क इन्फर्मेशन’ची खिडकी उघडेल. तिच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘डेडलाइन’ आहे. डेडलाइन कामाला हलवत नाही, धरूनही ठेवत नाही. गँटवर बाण दिसतो आणि काम मुदतीपलीकडे गेलं की इंडिकेटरच्या रकान्यात लाल चिन्ह येतं. स्लॅकही तिच्या हिशोबाने मोजला जातो. म्हणजे इशारा पुरेपूर मिळतो आणि लिंकही शाबूत राहतात.

आता साफसफाई. ‘व्ह्यू’ टॅबवरच्या फिल्टरमध्ये ‘टास्क्स विथ फिक्स्ड डेट्स’ घ्या. कन्स्ट्रेंट किंवा प्रत्यक्ष सुरुवात असलेली कामं तेवढी उरतील. एकेका कन्स्ट्रेंटला विचारा: या तारखेमागे बाहेरचं कारण आहे का? असेल तर कामाच्या नोट्समध्ये ते एका ओळीत लिहा. नसेल तर कन्स्ट्रेंट काढा. बरेच एकदम काढायचे असतील, तर ती कामं निवडून शिफ्ट आणि एफ२, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, कन्स्ट्रेंट टाइप ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’. स्टार्टमधली तारीख नुसती खोडायच्या भानगडीत पडू नका, कन्स्ट्रेंटच बदला.

लिंक आहे, पण काम करत नाही

काम निवडा आणि ‘टास्क’ टॅबवर ‘इन्स्पेक्ट’ दाबा. बाजूला पॅनेल उघडतं. त्यात या कामाची तारीख कशामुळे ठरली ते सरळ लिहिलेलं असतं: कोणता प्रेडिसेसर, लिंकचा प्रकार, लॅग (लिंकमध्ये ठेवलेलं दिवसांचं अंतर), कन्स्ट्रेंट, कॅलेंडर. २०१३ पासून गँट चार्टच्या ‘फॉरमॅट’ टॅबवर ‘टास्क पाथ’ही आहे. त्यातलं ‘ड्रायव्हिंग प्रेडिसेसर्स’ निवडलं की काम खरोखर अडवणारी साखळीच वेगळ्या रंगात उठून दिसते. कामाला चार प्रेडिसेसर असले तरी तारीख ठरवतो तो सगळ्यात उशिरा सोडणारा. बाकी तिघांना हलवून काही होणार नाही. त्यांच्याशी डोकेफोड करू नका.

लिंक चार प्रकारच्या. फिनिश-टू-स्टार्ट: पहिलं संपल्यावर दुसरं सुरू. स्टार्ट-टू-स्टार्ट: पहिलं सुरू झाल्यावर दुसरं सुरू. फिनिश-टू-फिनिश: पहिलं संपल्यावरच दुसरं संपू शकतं. स्टार्ट-टू-फिनिश: पहिलं सुरू झाल्यावरच दुसरं संपू शकतं. ही शेवटची क्वचितच लागते. शेड्यूलमध्ये ती दिसली तर बहुधा कोणीतरी एस आणि एफची अदलाबदल केलेली असते.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. कोणतीही लिंक ‘लगेच’ असं सांगत नाही, ती फक्त ‘त्याआधी नाही’ असं सांगते. दोन कामं एकाच दिवशी संपावीत म्हणून फिनिश-टू-फिनिश लावली, तरी दुसरं काम दुसऱ्या कारणाने उशिरा सुरू होत असेल, तर ते उशिराच संपणार. लिंक मोडलेली नाही, तिने तेवढंच वचन दिलं होतं.

आता एक छुपा दोष, जो फार कमी जण तपासतात. समजा काम वेगाने व्हावं म्हणून सळया आणि काँक्रीट यांच्यात फिनिश-टू-स्टार्टऐवजी स्टार्ट-टू-स्टार्ट लावली, दोन दिवसांच्या लॅगसह. सळयांना दुसरा सक्सेसर नाही. आता सळयांचं काम चार दिवसांचं चाळीस केलं, तरी काँक्रीट हलणार नाही. सळयांची सुरुवात जोडलेली आहे, शेवट मात्र हवेत लोंबकळतोय. नियम असा ठेवा: प्रत्येक कामाच्या सुरुवातीला अडवणारी निदान एक लिंक हवी आणि प्रत्येक कामाच्या शेवटातून निदान एक लिंक पुढे जायला हवी. अपवाद फक्त पहिल्या आणि शेवटच्या माइलस्टोनचा (माइलस्टोन म्हणजे टप्प्याची खूण). स्टार्ट-टू-स्टार्टच्या जोडीला फिनिश-टू-फिनिश लावावी हा उघड उपाय, पण प्रोजेक्ट दोन कामांमध्ये एकच लिंक ठेवू देतो. वाट अशी काढा: ‘सळया पूर्ण’ असा शून्य दिवसांचा माइलस्टोन घाला, सळयांपासून त्याला फिनिश-टू-स्टार्ट द्या आणि त्या माइलस्टोनपासून काँक्रीटला फिनिश-टू-फिनिश.

लूपचा इशारा आला, म्हणजे ‘अ’ नंतर ‘ब’, ‘ब’ नंतर ‘क’ आणि ‘क’ नंतर पुन्हा ‘अ’ असं वर्तुळ होत असेल, तर प्रोजेक्ट ती लिंक घेतच नाही. वर्तुळ डोळ्यांना दिसत नसेल, तर समरी टास्कवर नजर टाका. गटाच्या शीर्षकाला जोडलेली लिंक आतल्या प्रत्येक कामाला लागू होते, आणि आतलं एखादं काम आधीच बाहेर जोडलेलं असलं की वर्तुळ पुरं होतं. समरी टास्कला लिंक देऊच नये, कन्स्ट्रेंटही देऊ नये. आतल्या पहिल्या आणि शेवटच्या कामाला द्या, माग काढायला सोपं जातं.

लॅग आणि कॅलेंडर: हरवलेले तास

शटरिंगच्या लिंककडे पुन्हा पाहू. क्युरिंगचे सात दिवस म्हणून कोणी ‘३एफएस+७डी’ (काम क्रमांक ३, फिनिश-टू-स्टार्ट, अधिक ७ दिवस) असा लॅग दिला, तर प्रोजेक्ट ते कामाचे दिवस समजतो. काँक्रीट १० जूनला संपलं, मग ११, १२, १५, १६, १७, १८, १९ हे सात दिवस मोजून शटरिंग २२ जूनला येतं. काँक्रीट शनिवार-रविवार पाळत नाही. ‘३एफएस+७ईडी’ लिहिलं, म्हणजे इलॅप्स्ड दिवस, की घड्याळाचे सात दिवस मोजले जातात. १७ जूनच्या संध्याकाळी क्युरिंग पुरं होतं आणि शटरिंग १८ जूनला सुरू होतं. एका अक्षराने शटरिंग गुरुवारचं सोमवारवर गेलं होतं. रकान्यात टाइप करताना अक्षरं अर्थातच रोमन लिपीत लिहायची, मधे जागा न सोडता. लॅग टक्क्यांतही देता येतो. ‘एसएस+५०%’ म्हणजे प्रेडिसेसरचा निम्मा कालावधी गेल्यावर.

मोठा लॅग शक्यतो कामच करून टाका. ‘क्युरिंग, ७ इलॅप्स्ड दिवस’ अशी ओळ घातली की ती सर्वांना दिसते. लॅगला ना नाव असतं ना मालक. उणे लॅग तर टाळाच. ‘आधीचं संपायच्या दोन दिवस आधी सुरू कर’ हे भविष्य ओळखून सांगण्यासारखं आहे. काम दोन तुकड्यांत तोडा आणि पहिल्या तुकड्याला लिंक द्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडची शेड्यूल तपासायला ज्या चौदा कसोट्या वापरतात, त्यांत उणे लॅगला एकदाही माफी नाही. लॅग असलेल्या लिंक आणि कडक कन्स्ट्रेंट असलेली कामं यांना पाच टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या शेड्यूललाही हे माप लावून पाहायला हरकत नाही.

आता कॅलेंडर. समजा प्रकल्पाचं कॅलेंडर सकाळी ९ ते १ आणि २ ते ७ असं बदललं, म्हणजे दिवसाचे नऊ तास. पण ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अवर्स पर डे’ आठच राहिले. हा आकडा कॅलेंडर ठरवत नाही. ‘एक दिवस’ म्हटल्यावर किती तास समजायचे, एवढंच तो सांगतो. एक दिवसाचं काम आठ तासांत, म्हणजे ६ वाजता संपतं. पुढचं एक दिवसाचं काम त्याच संध्याकाळी ६ वाजता सुरू होतं, एक तास चालतं आणि उरलेले सात तास दुसऱ्या दिवशी भरून ५ वाजता संपतं. पडद्यावर ‘एक दिवस’ दिसतो, पट्टी दोन तारखांवर पसरलेली. कुठे कुठे १.१३ दिवस असा विचित्र आकडाही दिसतो: नऊ तास भागिले आठ. अपूर्णांकातले दिवस दिसले की सर्वांत आधी ही जुळणी तपासा. कॅलेंडर, अवर्स पर डे, अवर्स पर वीक आणि दिवसाची डिफॉल्ट सुरुवात-शेवट यांचा मेळ बसला पाहिजे. हे सगळं कामं लिहायच्या आधी ठरवा. नंतर आठाचे नऊ केले, तर आधी लिहिलेला ‘१ दिवस’ ०.८९ दिवस दिसू लागतो, कारण आतली मिनिटं बदलत नाहीत.

माणूस नेमल्यावर तारीख उडाली असेल, तर त्याच्या कॅलेंडरमधली रजा पाहा. कामाला स्वतंत्र टास्क कॅलेंडर असेल, तर काम फक्त दोन्ही कॅलेंडरांच्या सामाईक वेळेतच होतं. रात्रपाळीचं काम आणि दिवसपाळीचा माणूस यांची गाठ पडणार नाही, आणि तसा संदेशही येईल. लेव्हलिंग डिलेच्या रकान्यात शून्यापेक्षा मोठा आकडा असेल, तर कोणीतरी कधीतरी लेव्हलिंग (एकाच माणसावर एका वेळी जास्त कामं आली की ती पुढे ढकलणारी सोय) चालवलं आहे. ‘रिसोर्स’ टॅबवर ‘क्लिअर लेव्हलिंग’ केलं की तो उशीर निघून जातो.

प्रायमाव्हेरा पी६ वापरत असाल तर

तर्क तोच, सवयी वेगळ्या. इथे तारखा आपोआप बदलत नाहीत, एफ९ दाबून शेड्यूल चालवावं लागतं. म्हणून ‘लिंक लावली पण काही झालं नाही’ ही पहिली तक्रार बहुधा तिथेच मिटते. डेटा डेट (ज्या तारखेपर्यंतची प्रगती नोंदली आहे ती) कुठे आहे तेही पाहा. उरलेलं काम तिच्या मागे जात नाही. तारखेला चिकटलेला तारा म्हणजे कन्स्ट्रेंट, आणि ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष तारीख.

‘स्टार्ट ऑन’ आणि ‘मँडेटरी स्टार्ट’ एकच समजू नका. ‘स्टार्ट ऑन’ लिंक तोडत नाही. प्रेडिसेसर उशिरा आला तर काम सरकतं आणि फ्लोट (स्लॅकचं इथलं नाव) उणे होतो. ‘मँडेटरी’ मात्र लिंक झुगारून देतो. ‘अ‍ॅज लेट अ‍ॅज पॉसिबल’ इथे फक्त फ्री फ्लोट वापरतो, पुढच्या कामांना धक्का लावत नाही. प्रोजेक्टमधून आलेल्यांची इथे गफलत होते. दोन कामांमध्ये एकाहून जास्त प्रकारच्या लिंक चालतात, त्यामुळे माइलस्टोनची युक्ती लागत नाही. शेड्यूल चालवताना लॉग जतन करायला सांगा. प्रेडिसेसर नसलेली, सक्सेसर नसलेली आणि कन्स्ट्रेंट असलेली कामं त्यात यादीने मिळतात. क्रम मोडून सुरू झालेल्या कामाच्या तारखा विचित्र दिसत असतील, तर शेड्यूलच्या पर्यायांत ‘रिटेन्ड लॉजिक’ आहे की ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ ते पाहा. पहिल्यात उरलेलं काम प्रेडिसेसर संपेपर्यंत थांबतं, दुसऱ्यात थांबत नाही.

धक्का देऊन पाहा

सगळी दुरुस्ती झाल्यावर एक परीक्षा घ्या. प्रतीच्या फाइलमध्ये, अजून सुरू न झालेल्या सुरुवातीच्या एखाद्या कामाचा कालावधी शंभर दिवस वाढवा. आपल्या उदाहरणात खोदकाम ३ वरून १०३. साखळी शाबूत असेल, तर सळया, काँक्रीट, शटरिंग, भिंत आणि शेवटचा माइलस्टोन सगळे मुकाट्याने पुढे सरकतील. जे काम जागचं हलणार नाही, त्याचं नाव लिहून घ्या. मग त्या कामावर वरच्याच क्रमाने जा: मोड, प्रत्यक्ष तारीख, कन्स्ट्रेंट, लिंक, कॅलेंडर, लेव्हलिंग. कंट्रोल आणि झेड दाबून कालावधी पूर्ववत करा आणि साखळीच्या मधल्या एखाद्या कामाला धक्का द्या. समांतर चालणाऱ्या प्रत्येक साखळीची एकेक परीक्षा होईपर्यंत हे करत राहा. शंभर-दीडशे कामांच्या शेड्यूलला अर्धा तास पुरतो. बेसलाइन (तुलनेसाठी जतन केलेलं मूळ शेड्यूल) मात्र या परीक्षेनंतरच गोठवा. आधी गोठवलीत, तर हाताने ठोकलेल्या तारखाच पुढचे सगळे महिने प्रगती मोजायचं माप होऊन बसतील.